‘बॅडलँड्स’ : सुवाच्य अक्षरातला रक्तपात

अमेरिकन दिग्दर्शक टेरेन्स मलिक यांचा ‘बॅडलँड्स’ (१९७३) हा चित्रपट मी याआधी दोनदा पाहिला होता, पण दोन्ही वेळा लॅपटॉपवर. त्यामुळे राजारामपुरीतल्या एका लहान सभागृहात तो पडद्यावर दाखवला जाणार असल्याचे कळले, तेव्हा कोल्हापूरच्या पावसाची पर्वा न करता मी वेळेच्या अर्धा तास आधीच जाऊन बसलो. चाळीसेक प्रेक्षक होते. चित्र स्वच्छ दिसत होते, मात्र पंख्यांची घरघर आणि ध्वनिक्षेपकाचा दबका आवाज यांमुळे सुरुवातीचे निवेदन जवळजवळ वाया गेले. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात हे खपून गेले असते. इथे मात्र त्या निवेदनातच चित्रपटाचा जीव आहे.

गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९५९ सालच्या साउथ डकोटातल्या एका गावात कचरा गोळा करणारा पंचवीस वर्षांचा किट (मार्टिन शीन) पंधरा वर्षांच्या हॉलीच्या (सिसी स्पेसेक) प्रेमात पडतो, विरोध करणाऱ्या तिच्या वडिलांना गोळी घालतो, घराला आग लावतो आणि तिला घेऊन पळ काढतो. पुढे वाटेत जो आडवा येईल, किंवा येईल असे त्याला वाटेल, तो मरतो. या कथेमागे १९५८ च्या जानेवारीत नेब्रास्का आणि वायोमिंगमध्ये घडलेले खरे हत्यासत्र आहे. त्यातला चार्ल्स स्टार्कवेदर एकोणीस वर्षांचा होता आणि कॅरिल अ‍ॅन फ्यूगेट चौदा वर्षांची. मलिक यांनी नावे बदलली, वये वाढवली आणि घटनाक्रमही आपल्या सोयीने घेतला. हा त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि तो प्रदर्शित झाला तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती.

फरारी प्रेमिकांचे चित्रपट त्याआधीही पुष्कळ झाले होते. आर्थर पेन यांच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ने (१९६७) तर त्या जोडप्याला देखणे, विनोदी आणि शेवटी हुतात्म्यासारखे करून टाकले होते. मलिक यांनी श्रेयनामावलीत पेन यांचे आभार मानले आहेत, पण वाट मात्र पूर्ण निराळी धरली आहे. त्यांनी कथा सांगण्याचे काम हॉलीकडे सोपवले. शाळेत ‘मी केलेला प्रवास’ या विषयावर निबंध लिहिताना आपण सगळ्यांनीच जी भाषा वापरली, ज्या भाषेत सकाळ नेहमी ‘प्रसन्न’ असते आणि परतताना मन नेहमी ‘जड’ होते, त्या भाषेत ही मुलगी बापाच्या खुनानंतरचे दिवस सांगते. शब्द नीटनेटके, सूर सपाट, आणि मधूनच सिनेमासिकांतून उचललेली एखादी गोड कल्पना. जंगलात बांधलेल्या झोपडीवर चालून आलेल्या तिघांना किट मारतो, तेव्हा ती सांगते, की त्यांना पाठीत गोळ्या घातल्याचे त्याला वाईट वाटले, पण ते केवळ बक्षिसाच्या पैशांसाठी आले होते. पोलीस असते तर गोष्ट वेगळी असती. या तर्काला ती कुठेही अडखळत नाही. पडद्यावर एक दिसते आणि कानावर दुसरेच पडते, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत प्रेक्षकाला एकटे सोडून दिग्दर्शक बाजूला होतो. कोणावर रागवायचे, हेही तो सांगत नाही.

हॉलीचा बाप (वॉरन ओट्स) जाहिरातींचे फलक रंगवणारा पेंटर आहे, ही गोष्ट कोल्हापूरच्या प्रेक्षकाला वेगळी भिडते. जिथे बाबूराव मेस्त्रींचे आडनाव लोकांनी ‘पेंटर’ करून टाकले, त्या गावात पडदे, पोस्टर आणि पाट्या रंगवणाऱ्या हाताला मान आहे. माळरानावर उभ्या केलेल्या प्रचंड रंगीत फलकापुढे बाप ब्रश घेऊन काम करतो आहे आणि किट खाली उभा राहून त्याच्याकडे मुलीचा विषय काढतो आहे, या दृश्यात आभाळ इतके मोठे आहे, की दोन्ही माणसे आणि त्यांचे भांडण किरकोळ वाटते. हाच बाप मुलीला शिक्षा म्हणून तिच्या कुत्र्याला गोळी घालतो. बंदूक या घरात किटच्या आधीपासून आहे.

मोठ्या पडद्याचा खरा लाभ या आभाळासाठीच आहे. आपल्या भागात फरारी माणूस म्हटले, की पुरुषभर उंचीचा ऊस किंवा राधानगरीकडचे जंगल डोळ्यांसमोर येते. इथे लपायला झुडूपही नाही, आणि तरीही दिवसचे दिवस यांना कोणी पाहत नाही. छायालेखन तिघांच्या हातून झाले असूनही प्रकाशाची जात शेवटपर्यंत एकच राहते, विशेषतः सूर्य बुडाल्यानंतरच्या त्या थोडक्या वेळात. कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तलावाच्या परिसराची निसर्गचित्रे रंगवणाऱ्या आबालाल रहिमान यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा सोस समजावून सांगावा लागणार नाही. रात्री गाडीच्या दिव्यांच्या उजेडात, नॅट किंग कोलच्या गाण्यावर दोघे नाचतात, तेव्हा त्या उजेडापलीकडे खरोखर काहीच नाही. पार्श्वसंगीतासाठी जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मुलांच्या संगीतशिक्षणासाठी तयार केलेल्या संग्रहातली रचना निवडली आहे. लाकडी पट्ट्यांच्या वाद्यांचा तो निरागस ठेका गोळीबारापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

दोन प्रसंगांपुढे मी प्रत्येक वेळी थांबतो. किटचा मित्र पोटात गोळी लागून मरणाच्या वाटेवर बसलेला असताना हॉली त्याच्याशी बाटलीतल्या कोळ्याविषयी गप्पा मारते. दुसरा प्रसंग त्याहून शांत आहे. बापाच्या जुन्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून परदेशातली चित्रे पाहताना, किट भेटलाच नसता तर आपण कुठे असतो, पुढे ज्याच्याशी लग्न होईल तो माणूस या क्षणी काय करत असेल, असे तिच्या मनात येते. संपूर्ण चित्रपटात ती एवढ्याच वेळी निबंधाबाहेर पडते.

माझी तक्रार मरणाऱ्यांबाबत आहे. बाप आणि मित्र सोडले, तर बाकीचे बळी ओळख होण्याआधीच संपतात. हॉलीच्या नजरेतून पाहिल्यावर हे अपरिहार्य आहे, असे समर्थन करता येते आणि मी ते कित्येकदा केलेही आहे. पण खऱ्या स्टार्कवेदरने एकूण अकरा जीव घेतले होते, हे ठाऊक असताना ते समर्थन अपुरे पडते. शिवाय किट फार लाघवी आहे. अटक होण्यापूर्वी तो त्या जागेची खूण म्हणून दगडांची रास रचतो, पकडल्यावर पहाऱ्यावरच्या शिपायांना लायटर, कंगवा, पेन वाटून टाकतो, आणि तो हॉलिवूडचा नट जेम्स डीन याच्यासारखा दिसतो म्हणून पोलीसही खूश होतात. सभागृहात इथे मोठा हशा पिकला. मीही हसलो, आणि शेजारच्या वयस्क गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारले, “बापाला मारला, तेव्हा ही पोरगी रडली का नाही हो?” तेवढ्यात पडद्यावर, पकडलेल्या दोघांना नेणाऱ्या विमानाच्या खिडकीबाहेर ढग दिसू लागले, श्रेयनामावली सुरू झाली, आणि कोणीतरी पंखे बंद केल्यामुळे त्या सबंध संध्याकाळीत पहिल्यांदाच आवाज स्वच्छ ऐकू आला.