खान अकॅडमीचं इंग्रजी: सहावी ते आठवीच्या मुलांसाठी काय घ्यावं, काय सोडावं

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं तीन भाषांत वाढतात. घरी मराठी, गल्लीत आणि शाळेच्या बसमध्ये हिंदी, वर्गात इंग्रजी. पाचवीपर्यंत हे बरं चालतं, कारण प्रश्न 'गोष्टीत काय झालं' एवढाच असतो. सहावीपासून पेपर विचारायला लागतो की अमुक पात्र असं का वागलं, या ओळीतून काय सुचतं, कवितेचा भाव कोणत्या शब्दांतून कळतो. इथे मुलं अडखळतात आणि रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत इंग्रजीच्या ट्यूशनची चौकशी सुरू होते. त्याआधी इंटरनेटवरून शिकवणाऱ्या खान अकॅडमीचा ग्रामरचा कोर्स आणि सहावी, सातवी, आठवीचे रीडिंग अँड व्होकॅब्युलरीचे कोर्स बघून घ्यावेत. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, चालवणारी संस्था ना-नफा आहे. आमचं मत असं: व्याकरण ओळखायला हा कोर्स छान शिकवतो, लिहायला मात्र शिकवत नाही, आणि मराठी-हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या खास चुका त्याच्या गावीही नाहीत.

आधी ग्रामर. चार मोठे भाग आहेत: शब्दांच्या जाती, विरामचिन्हं, वाक्यरचना, आणि वापर व शैली. दोन-पाच मिनिटांचा व्हिडिओ, त्यानंतर थोडक्या प्रश्नांचा सराव, मधूनमधून क्विझ, शेवटी युनिट टेस्ट. बरेचसे व्हिडिओ डेव्हिड राइनस्ट्रॉम या शिक्षकाचे आहेत. गडी उत्साही आहे, काळ्या फळ्यावर रंगीत अक्षरांत लिहितो, मधेच चित्रं काढतो. बोलणं भरभर आणि उच्चार अमेरिकन, म्हणून सबटायटल चालू करून वेग ०.७५ वर ठेवावा. चार-पाच व्हिडिओंत कान बसतो, मग नेहमीच्या वेगावर जावं.

या कोर्सची खरी ताकद क्रियापदांत आहे. अनियमित क्रियापदांचा तक्ता आपल्याकडे 'गो-वेंट-गॉन' असा सरसकट घोकवतात. इथे त्यांचे गट पाडलेत. मधला स्वर बदलणारी एका बाजूला (सिंग, सँग, संग), शेवटच्या डीचा टी होणारी दुसरीकडे (सेंड, सेंट, बिल्ड, बिल्ट), 'एन' लागणारी वेगळी (ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन), आणि कशातच न बसणारी उरलेली. गट कळला की पाठ करायचा ढीग निम्म्यावर येतो. काळ आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ हेही नीट शिकवलंय. 'द बॉक्स ऑफ मँगोज इज' की 'आर', अशा ठिकाणी मूल जवळच्या मँगोजला भुलतं. खरा कर्ता बॉक्स आहे हे इथे प्रश्नांतूनच पक्कं होतं.

क्रम मात्र त्यांचा घेऊ नका. कोर्स नामापासून सुरू होतो आणि अनेकवचनांच्या फाटे-उपफाट्यांत रेंगाळतो. सहावीच्या मुलाला त्यातलं बरंच येत असतं, मग ते कंटाळून सोडून देतं. आधी क्रियापद घ्या, मग विशेषणांच्या भागातली आर्टिकल्स, मग वाक्यरचनेतले क्लॉज (उपवाक्यं), मग स्वल्पविराम आणि अपॉस्ट्रॉफी. नाम शेवटी, सुट्टीत.

गुणांची पद्धत पालकांनी समजून घ्यावी, नाहीतर रोज भांडण. सरावात ७० टक्के बरोबर आले की 'फॅमिलिअर', सगळे बरोबर आले की 'प्रोफिशिअंट'. 'मास्टर्ड' मात्र सरावातून मिळत नाही. त्यासाठी युनिट टेस्ट किंवा कोर्स चॅलेंजमध्ये (पूर्ण कोर्सवरच्या चाचणीत) तो प्रश्न पुन्हा बरोबर यावा लागतो. तिथे चुकलं की पायरी खाली येते. हिंट उघडली की प्रश्न चुकला असंच धरतात, मग पुढे उत्तर बरोबर का असेना. मुलं इथे रुसतात. त्यांना सांगावं की हिंट बघायचीच असेल तर बिनधास्त बघ, वाच, आणि तोच सराव दुसऱ्या दिवशी कर. त्याच दिवशी लगेच केला तर काही प्रश्न तेच येतात आणि मूल उत्तर आठवून टिचकी मारतं. पडद्यावर हिरवं दिसतं, डोक्यात काही उतरलेलं नसतं.

आता उणीव. हा कोर्स ज्यांच्या घरी इंग्रजी बोलतात अशा मुलांसाठी बांधलाय. ती मुलं 'देअर' (तिथे) आणि 'देअर' (त्यांचं) यांच्या स्पेलिंगमध्ये चुकतात, त्यावर इथे भरपूर सराव. आपली मुलं तिथे फारशी चुकत नाहीत, कारण त्यांनी शब्द डोळ्यांनीच शिकलेले असतात. आपली गफलत वेगळी. 'जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो' हे मनात असतं, म्हणून कागदावर येतं 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' इंग्रजीत ऑल्दो किंवा बट, दोहोंपैकी एकच. 'मी तो सिनेमा काल पाहिलाय' हे मराठीत चालतं, म्हणून 'आय हॅव सीन इट यस्टरडे' होतं. यस्टरडे आलं की हॅव गेलं पाहिजे. आईवर रागावला, म्हणून 'अँग्री ऑन हिज मदर'. तो म्हणाला की मी उद्या येतो, म्हणून 'ही सेड दॅट आय अॅम कमिंग टुमॉरो', आणि वाचणाऱ्याला वाटतं की सांगणाराच येणार आहे. ए, अॅन, द तर मराठीतही नाहीत आणि हिंदीतही नाहीत, त्यामुळे इंदूरच्या मुलाला दोन्हीकडून मदत शून्य.

आर्टिकल्सचे धडे कोर्समध्ये आहेत आणि बरे आहेत, पण सराव तोकडा पडतो. रोज पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्यावा, आईने किंवा बाबांनी त्यातले सगळे ए, अॅन, द गाळून तो कॉपीत उतरवून द्यावा, मुलाने भरावेत, मग मूळ पानाशी ताडून बघावं. दहा मिनिटांचं काम आहे. जिथे चुकलं तिथे एकच प्रश्न: ही वस्तू वाचणाऱ्याला आधीपासून माहीत आहे का? माहीत असेल तर द, पहिल्यांदाच भेटत असेल आणि एक असेल तर ए किंवा अॅन. अपवाद बरेच आहेत, पण सातवीच्या पेपरातलं बहुतेक सगळं एवढ्यावर सुटतं.

शाळेच्या पेपरात हमखास येणारी डायरेक्ट-इनडायरेक्ट आणि अॅक्टिव्ह-पॅसिव्हची वाक्यबदली शाळेच्या पद्धतीने घोटून हवी असेल, तर या कोर्सकडून अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी खजूरी बाजारात जुनं जाडजूड व्याकरणाचं पुस्तक घ्यावं आणि त्यातले तेवढेच धडे करावेत. सगळं पुस्तक मुलाच्या गळ्यात बांधू नये.

स्पेलिंगचंही लक्षात ठेवा. कोर्समध्ये 'कलर'मध्ये यू नाही, पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत जातो, 'टीम' नेहमी एकवचनी. शाळेत ब्रिटिश वळण चालतं. बाई स्पेलिंगला गुण कापतील, मुलाला आधीच सांगून ठेवावं.

रीडिंगचे कोर्स मला जास्त आवडले, आणि नीट न वापरल्यास जास्त वाया जाणारेही तेच. छोटे उतारे, काही कथा, काही माहितीपर. मग प्रश्न: मुख्य मुद्दा काय, कशावरून ते कळतं, या वाक्यात या शब्दाचा अर्थ काय, सांगणारा कोण आहे. उतारे नेटके आहेत आणि चुकीचे पर्याय हुशारीने रचलेत. साधारण असं असतं: एक पर्याय खरा असतो पण उताऱ्यात नसतो, दुसरा उताऱ्यात असतो पण प्रश्नाचं उत्तर नसतो. नेमके याच दोन सापळ्यांत मूल शाळेतही अडकतं.

इयत्ता ठरवताना फसू नका. अमेरिकन सहावी आणि आपली सहावी वयाने जवळजवळ एकच, पण वाचनाची पातळी तशी असेलच असं नाही. साधारण शंभर शब्दांचा तुकडा मोठ्याने वाचायला लावा. पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर खालच्या इयत्तेचा कोर्स उघडा, तेही आहेत. सातवीतल्या मुलाने पाचवीचे उतारे वाचण्यात कमीपणा नाही. फक्त धाकट्या भावंडासमोर तो आकडा बोलू नये.

खरी अडचण पर्यायांची. चार उत्तरांतून एक निवडणं आणि कोऱ्या कॉपीत तीन ओळी लिहिणं यांत फार अंतर आहे. म्हणून पडद्यावरचे पर्याय हाताने झाकायचे. उतारा दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात. प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत कॉपीत, मग पर्याय उघडायचे, मग ज्या ओळीवरून ते ठरलं ती ओळ खाली उतरवायची. एका उताऱ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतील. आठवड्याला दोनच करा, पण असे करा.

उत्तराचे तीन भाग असतात: म्हणणं, पुरावा, आणि पुराव्यावरून म्हणणं कसं निघतं ते. समजा उताऱ्यात वाक्य आहे: 'शी फोल्डेड द लेटर, अनफोल्डेड इट, अँड फोल्डेड इट अगेन.' प्रश्न, तिच्या मनात काय चाललंय? बहुतेक मुलं लिहितात 'शी इज सॅड.' दुःखाचा तिथे पत्ताच नाही. चांगलं उत्तर सांगेल की ती ठरवू शकत नाहीये, कारण एकच कृती ती पुन्हा पुन्हा करते, आणि ज्याचा निर्णय झालेला असतो तो माणूस पत्र एकदाच घडी करून ठेवतो. तिसरा भाग, म्हणजे हे 'कारण', मुलं हमखास गाळतात. गुण तिथेच जातात.

थीमचा गोंधळही ठरलेला. 'फ्रेंडशिप' हा विषय झाला, थीम नव्हे. थीम म्हणजे गोष्ट त्या विषयाबद्दल जे म्हणते ते पूर्ण वाक्य. हे आधी मराठीत करून घ्यावं, चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवर. शेणाचं घर वाहून गेलं, मेणाचं राहिलं, चिऊताई दार उघडेना. घर पक्कं बांधावं ही थीम की गरजेला आलेल्याला ताटकळत ठेवू नये ही? दोन्ही चालतील, पण प्रत्येकीसाठी गोष्टीतली जागा दाखवता आली पाहिजे. पहिलीसाठी पावसाचा प्रसंग, दुसरीसाठी 'थांब माझ्या बाळाला' हे पालुपद. एकदा हे तोंडी जमलं की इंग्रजी उताऱ्यावर फक्त शब्दांची अडचण उरते, विचाराची नाही. अलंकारांचंही तसंच. आपल्या बऱ्याच मुलांना चेतनगुणोक्ती हा शब्द माहीत नसतो, कारण शाळेत मराठी नाही. पण हिंदीच्या तासाला मानवीकरण झालेलं असतं. पर्सोनिफिकेशन तिथून जोडून द्यावं. नुसतं नाव ओळखून थांबू मात्र नये. 'द विंड वॉज अँग्री' इथे पर्सोनिफिकेशन आहे एवढ्याला अर्धा गुण. वारा रागावलेला दाखवल्याने पुढच्या प्रसंगाची भीती आधीच कशी वाढते, ते लिहिलं की पूर्ण.

ज्यांच्या शाळेत एनसीईआरटीचं 'पूर्वी' हे इंग्रजीचं नवं पुस्तक लागलंय (सहावीला ते २०२४ मध्ये आलं, सातवी-आठवीला २०२५ मध्ये), त्यांनी हीच तीन भागांची पद्धत त्या पुस्तकातल्या धड्यांवर चालवावी. खानचा उतारा सरावाला, पाठ्यपुस्तक लिहिण्याला.

शेवटी खात्याचं. तेरा वर्षांखालच्या मुलाला पालकाचा ईमेल लागतो, तेव्हा खातं तुम्हीच उघडा. त्याने प्रगतीही तुम्हाला दिसते. भाषा इंग्रजीच ठेवा. हिंदी निवडलं की कोर्सची यादीच बदलते आणि ग्रामर शोधत बसावं लागतं. इयत्ता निवडल्यावर आधी गणित आणि विज्ञान समोर येतं, घाबरू नका, वर शोधायच्या चौकटीत ग्रामर टाइप करा. फोनवर व्हिडिओ ठीक दिसतात, पण उतारा आणि प्रश्न एका पडद्यात मावत नाहीत, मूल वर-खाली सरकवत राहतं आणि परत न वाचताच उत्तर देतं. रीडिंगसाठी लॅपटॉप किंवा टॅब घ्या. तोही नसेल तर उतारा कॉपीत उतरवून काढा, हात दुखला तरी चालेल, स्पेलिंगही सुधारतं.