दिवाळीच्या सुट्टीत काश्मीर की किन्नौर? आधी कालनिर्णय काढा

पानगळ बघायला कुठे जाऊ, असं विचारणाऱ्याला मी आधी लक्ष्मीपूजनाची तारीख विचारते. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे यंदा माझं मत सरळ काश्मीरला.

कारण उंची. हिमाचलातल्या किन्नौरमधलं कल्पा २,९०० मीटरच्या आसपास, छितकुल त्याहूनही वर. तिथला रंगाचा बहर ऑक्टोबरातच संपतो. नोव्हेंबरात उघड्या फांद्या आणि गोठवणारा वारा, छितकुलमधली बरीच हॉटेलंही तोवर आवरतं घेतात. श्रीनगर मात्र १,६०० मीटरच्या आत. तिथला चिनार ऑक्टोबरअखेर पेटतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टिकतो. निशात या मुघल बागेत गर्दी असते. विद्यापीठातल्या नसीम बागेत सकाळी जा. पानं घोट्यापर्यंत साचलेली असतात, चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. हीच पानं गोळा करून, जाळून कांगडीसाठी, म्हणजे ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीसाठी, कोळसा करतात.

पांपोरचं केशरही याच सुमाराला. जांभळी फुलं सकाळी खुडायची, मग घरात बसून प्रत्येकातले तीन लाल तंतू वेगळे काढायचे. किलोभर केशराला दीडेक लाख फुलं लागतात, तेव्हा रस्त्यावर कोणी 'स्वस्तात देतो' म्हणाला की पुढे चालायचं. शाकाहारी असाल तर वाझवानच्या, म्हणजे मटणाच्या शाही पंगतीच्या, नादी न लागता नदरू यखनी मागवा: दह्याच्या रश्शातले कमळाचे देठ.

मग किन्नौर कुणी करावं? ज्यांना ऑक्टोबरात रजा मिळते आणि गाडीत बसायचा कंटाळा नाही त्यांनी. शिमल्याहून कल्प्याला अख्खा दिवस जातो. वाटेत तरंडा ढांक या कड्यापाशी रस्ता कातळात कोरलेला, एका बाजूला सरळ दरी. माझ्या सासूबाईंनी तो टप्पा डोळे मिटून रामरक्षा म्हणत काढला. पण संध्याकाळी समोरचा किन्नर कैलास पर्वत गुलाबी झाला तेव्हा त्याच सगळ्यांना बाहेर बोलवत होत्या. झाडावरून काढलेलं सफरचंद, रिकाँग पिओच्या बाजारातले ताजे चिलगोझे (पाइनच्या बिया), ओगल्याच्या म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं आणि रात्री लाकडी खोलीत उबेसाठी पेटवलेली लोखंडी शेगडी, तिथला 'तंदूर'. ऊब म्हणाल तर किन्नौर जिंकतं.

पहलगाम हल्ल्यानंतर, २०२५ मध्ये, काश्मीरमधली काही ठिकाणं बंद केली होती, ती टप्प्याटप्प्यानं उघडली. निघण्याआधी चालू यादी बघा. आणि २०२७ ची दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे. किन्नौर करायचंच असेल तर तेव्हाही रजा दिवाळीआधीच टाका.