झोटेरो, आठ महिन्यांनंतर: मराठी स्कॅनसाठी कितपत कामाचं?

झोटेरो म्हणजे संदर्भ, पीडीएफ आणि टिपणं साठवून संदर्भसूची बनवून देणारा प्रोग्राम. इंग्रजी लेखांसाठी तो पहिल्या दिवसापासून चोख चालतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकला की नोंद तयार. मराठी पुस्तकांची मात्र आधी डागडुजी करावी लागते.

इंटरनेट अर्काइव्हवरच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या मराठी पुस्तकांची नावं बरीचशी रोमन लिपीत, मोडक्या स्पेलिंगात आहेत. ब्राउझरमधला कनेक्टर (वेबपानावरून झोटेरोत नोंद घेणारं जोडसाधन) तीच जशीच्या तशी उचलतो. शीर्षकपान उघडून नाव, प्रकाशक आणि साल हाताने टाकणंच लवकर होतं. तुकाराम, नामदेव अशा आडनाव नसलेल्या लेखकांसाठी नावाचे दोन रकाने मोडून एकच करावा.

खरी गोम शोधात आहे. स्कॅन म्हणजे नुसती चित्रं. काही पीडीएफमध्ये मजकुराचा थर असतो, पण त्यात कचरा भरलेला. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटच्या पीडीएफचंही तेच: पडद्यावर सुबक देवनागरी, कॉपी केलं की रोमन अक्षरांचा काला. दोन्हींवर इलाज एकच, चित्रातली अक्षरं ओळखून पीडीएफमध्ये मजकुराचा थर घालणारा ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्राम आणि त्याच्या टेसरॅक्ट या अक्षरओळख-इंजिनाचं मराठी मॉडेल. ‘फोर्स ओसीआर’ हा पर्याय द्यायचा. नाहीतर पानावर मजकूर आधीच आहे असं सांगून काम थांबतं. पानं तिरकी असतील तर ती सरळ करणारा ‘डीस्क्यू’ही द्यावा. फाइल फुगते, ते सोसायचं. मग झोटेरोत त्या नोंदीवर ‘रीइंडेक्स’, म्हणजे शोधासाठीची शब्दसूची नव्याने करणं.

एवढं करूनही पुस्तकाच्या उत्तरार्धातला शब्द सापडत नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये पीडीएफची पहिली 100 पानंच अनुक्रमित होतात. तो आकडा 1000 करा आणि पुन्हा रीइंडेक्स करा. आणखी एक खोच: ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला एकच, शोधाला वेगळे. अशा वेळी नुसतं ‘दुस’ टाकावं.

फाइली सिंक करायला झोटेरोच्या सर्व्हरवर मिळणारी फुकटची 300 एमबी जागा स्कॅनांपुढे टिकत नाही. दहा-बारा जाड पुस्तकांत संपते. नोंदी आणि टिपणांना ही मर्यादा नाही, फक्त फाइलींना आहे. स्वतःचं वेबडॅव्ह (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली ठेवायची सोय) जोडलं तर पैसे वाचतात, पण ते ‘माय लायब्ररी’ या स्वतःच्या संग्रहापुरतंच, गटाच्या संग्रहाला चालत नाही. जागा वाचवायला झोटेरोचं आख्खं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायचा मोह टाळा. डेटाबेसची फाइल अर्धवट सिंक झाली की बिघडते. बॅकअप घेताना प्रोग्राम बंद करून फोल्डरची प्रत काढावी. पीडीएफवरच्या खुणा फाइलीत नसून डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे नुसत्या पीडीएफ जपून भागत नाही.

एवढी झटापट कशासाठी? मेंडली हा असाच दुसरा प्रोग्राम 2013 मध्ये एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने घेतला आणि 2018 मध्ये लोकांच्याच संगणकावरचा त्याचा डेटाबेस एन्क्रिप्ट केला, म्हणजे बाहेरच्या साधनांना वाचता येणार नाही असा कुलूपबंद केला. झोटेरोचा डेटाबेस साधी एसक्यूलाइट फाइल आहे, कुठल्याही साधनाने उघडते, आणि प्रोग्राम मुक्तस्रोत आहे. वर्षानुवर्षांची टिपणं ठेवायची तर ही बाब माझ्या लेखी सगळ्यात वजनदार.

संदर्भसूचीत मात्र मराठी नोंदीतही बाकीच्या लेखकांसाठी ‘एट अल.’ छापून येतं. शैलीची (सूचीची मांडणी ठरवणारी) फाइल वेगळ्या नावाने आणि वेगळ्या आयडीने जतन करून त्यात ‘व इतर’ घालता येतं. मग इंग्रजी लेखांनाही ‘व इतर’ लागतं, कारण एका दस्तऐवजाला सूचीची एकच भाषा मिळते. मिश्र सूची असेल तर वर्डमध्ये प्रत काढून, ‘अनलिंक सायटेशन्स’ने संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडून मगच हाताने बदला. नाहीतर पुढच्या रिफ्रेशला सगळं पूर्ववत.