२९ च्या फ्रेममध्ये २७.५ ची चाकं: सेकंडहँड एमटीबी घेणाऱ्यांसाठी

बेळगावात आणि सीमेपलीकडे वापरलेल्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक सायकलींचा धंदा सध्या जोरात आहे. लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेल्या सायकली गॅलरीत धूळ खात पडतात, त्या कोणीतरी स्वस्तात उचलतो आणि पुसून-पॉलिश करून विकतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते मधल्या मध्ये सायकल सोलण्यात, म्हणजे चांगले भाग काढून स्वस्तातले घालण्यात. आमच्या गळ्यात पडली ती अशी सोललेली सायकल, आणि ती कशी सोलतात हे मी आता बऱ्यापैकी सांगू शकते.

नवरा आणि मुलगा आधीपासून सायकल चालवायचे. रविवारी येळ्ळूरच्या भातशेतातल्या तांबड्या वाटा, राजहंसगड, कधी देवरवाडीकडून वैजनाथचा डोंगर. मला माझी सायकल हवी होती. कोल्हापूरकडच्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या हद्दीत, एका दुकानदारानं व्हॉट्सॲप स्टेटसला जाहिरात टाकली होती: नावाजलेल्या कंपनीची फ्रेम, २७.५ (इंची) चाकं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 'डिओरे फुल सेट' (डिओरे म्हणजे शिमानो कंपनीचं गिअरचं सामान), ट्यूबलेस टायर, 'डेमो पीस, वर्षभर वापर'. किंमत ३२ हजार. नवी घ्यायची तर असल्या सामानाची सायकल बरीच महाग पडते.

दुकानात सायकल मी चालवून पाहिली, पण दुकानदार बोलत होता माझ्या नवऱ्याशी. "घ्या की ओ साहेब, डोळे झाकून. सगळं कंपनी फिटिंग हाय. वहिनींच्या हाइटला २७.५ च बरं." ब्रेक झकास लागत होते, गिअर खटाखट पडत होते, मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर, 'डिओरे' स्वच्छ वाचता येत होतं. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर १२ टक्के वर जातील." सायकलींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, हे आम्ही बोलूनही दाखवलं. तो हसला आणि वहीच्या कागदावर रक्कम लिहून शिक्का मारून दिला. अर्धे पैसे यूपीआयनं घेतले, अर्धे रोख. रोखीचा आग्रह त्याचाच.

डांबरी रस्त्यावर काही कळलं नाही. किणये-जांबोटी रस्ता, संध्याकाळचा हिंडलगा, उचगाव, सगळं छान. वैजनाथच्या वाटेला लागलो आणि माझं पेडल दगडाला आपटायला लागलं. नवरा नि मुलगा जिथून सहज जात होते, तिथं माझं पेडल खाली घासायचं. शेवटी एका दगडाला अडकून मी डाव्या अंगावर पडले, कोपर सोललं. नवऱ्याचं म्हणणं, पेडल मारायची वेळ चुकतेय, दगड आला की पेडल आडवं ठेव. पेडल आडवंच होतं. माझं मत तेव्हाही सायकलीवरच होतं.

उलगडा केला बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या सायकल मेस्त्रीनं. मी गेले होते पंक्चरसाठी. ट्यूबलेस म्हणून घेतलेल्या टायरमधून त्यांनी साधी ट्यूब बाहेर काढली, तिला आधीची तीन ठिगळं. ट्यूबलेस टायरमध्ये भोकं बुजवायला घालतात त्या सीलंटचा थेंब नाही. मग सायकल स्टँडला लावून ते बराच वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, ही सायकल २९ ची हाय ओ."

मागचं टायर आणि फ्रेमची आडवी पट्टी यांच्यात त्यांची बोटं आरामात जात होती. पुढं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीखालीही तशीच मोकळी जागा. घरी आल्यावर मुलानं फ्रेमवरचं '२७.५' चं स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून सोललं. खाली कंपनीचं छापील '२९' निघालं.

आता यात नेमकं काय होतं ते सांगते, कारण फसवणूक इथंच आहे. टायर जिथं रिमवर बसतं तिथला व्यास २९ ला ६२२ मिलिमीटर असतो, २७.५ ला ५८४ आणि जुन्या २६ ला ५५९. हे आकडे टायरच्या बाजूवर '५४-५८४' असे लिहिलेले असतात. पहिला टायरची रुंदी, दुसरा व्यास. ६२२ च्या जागी ५८४ घातलं आणि टायर तेवढ्याच जाडीचं ठेवलं, तर अख्खी सायकल १९ मिलिमीटर खाली बसते. पेडल जवळपास दोन सेंटिमीटर खाली येतं. पूर्वीच्या रिमवर दाबणाऱ्या ब्रेकला हा खेळ जमला नसता, रबर रिमला पोचलंच नसतं. डिस्क ब्रेकला रिम कुठंही असली तरी फरक पडत नाही. म्हणून तर ब्रेक झकास लागत होते.

फोन केल्यावर दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "२९ च्या फ्रेमला २७.५ बसवतात की, फॉरेनला सगळे बसवतात." हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक आहे. २.८ किंवा ३ इंच रुंदीचं जाड टायर घातलं तर चाकाची एकूण उंची २९ च्या जवळ जाते, आणि काही फ्रेम दोन्हीसाठी बनवलेल्या असतात. माझं टायर होतं २.१० चं.

मूळ २९ ची चाकं कुठं गेली? मेस्त्रींचा अंदाज मला पटतो. चांगला कॅसेट हब (मागची दातेचक्रं सरकवून बसवायचा चाकाचा मधला तुंबा) असलेली चाकजोडी सुटी विकली तर वेगळे पैसे मिळतात. तिच्या जागी स्वस्त सायकलीची, आट्यांवर फ्रीव्हील, म्हणजे दातेचक्रांचा अख्खा गठ्ठा, फिरवून बसवायची चाकं घातली. माझ्या मागच्या चाकाला सात चक्रांचं फ्रीव्हील होतं, हँडलला सात स्पीडचा साधा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका). 'डिओरे' होतं ते फक्त डिरेलर, तेही जुन्या नऊ स्पीडचं. शिमानोच्या नऊ स्पीडपर्यंतच्या डिरेलरना सात स्पीडचा शिफ्टर चालतो, त्यामुळे गिअर सुरेख पडतात आणि गिऱ्हाईक खूश. फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, आस त्या बाजूला आधाराशिवाय राहतो, खडबडीत वाटेवर वाकतो. माझा वाकायला लागलाच होता.

मेस्त्रींनी दुकानातल्या दुकानात करता येतील अशा दोन-चार गोष्टी दाखवल्या, त्या तशाच देते. मागच्या दातेचक्राला उलटं फिरवा आणि मधोमध, जिथं पान्हा बसतो तिकडं बघा. मधला भागही दात्यांबरोबर फिरला तर कॅसेट, तो जागेवरच राहिला तर फ्रीव्हील. ट्यूबलेस म्हणाले तर चाक काढून कानाशी हलवा, सीलंट ताजं असेल तर डुचमळतं. टायर काळंभोर चमकतंय म्हणजे नवं नव्हे, पॉलिशही तसंच चमकतं. बाजूची भिंत अंगठ्यानं दाबून बारीक चिरा दिसतात का पाहा, टायरवरच्या मधल्या रबरी बटणांच्या कडा गोल झाल्यात का पाहा. आणि सायकल उलटी करून पेडलच्या आसाखालचा फ्रेम नंबर वाचा. आमच्या दुकानदारानं मोबाईलवर मूळ बिलाचा फोटो 'दाखवला' होता, त्यावरचा नंबर फ्रेमशी जुळत नव्हता. जुळला असता तरी वॉरंटी मिळाली नसती, बहुतेक कंपन्या ती पहिल्या मालकालाच देतात.

सायकल परत घ्या म्हटल्यावर तो म्हणाला, "जावा की कोर्टात. तुम्ही कर्नाटकातले, केस हिकडं घालायला लागंल." सीमाभागातल्या माणसाला हे वाक्य बरोबर लागतं. इकडचा कागद तिकडं चालत नाही हे आपण जन्मभर ऐकलेलं असतं. पण ग्राहक तक्रारीपुरतं ते खोटं आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला, आणि त्यात तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रात असलं तरी आम्ही बेळगावात दाखल करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी विचारायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आम्ही स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली. त्यावर त्याचा फोन आला, आवाज एकदम मऊ, आणि या वेळी "ताई, ताई" करत थेट माझ्याशी. नऊ हजार देतो, विषय संपवा. मी नाही म्हटलं आणि तक्रार ऑनलाइन दाखल केली. तोवर सायकल जशी आहे तशी ठेवली आहे, चाकं बदलली तर पुरावाच जाईल. सोललेलं स्टिकरही कागदावर चिकटवून ठेवलंय.

ज्यांनी त्या बाजूला 'डिओरे फुल सेट' ऐकून सायकल घेतली असेल त्यांनी चाकाचा आकडा आजच वाचावा. आणि जाहिरात स्टेटसवर असेल तर बघताक्षणी स्क्रीनशॉट काढावा, स्टेटस २४ तासांत जातं. आमच्याकडं ती राहिली, कारण नवऱ्यानं तेव्हाच तिचा स्क्रीनशॉट मित्राला "कशी वाटते?" म्हणून पाठवला होता. शिक्क्याच्या कागदावर नुसतं 'सायकल १ नग' लिहिलंय, २७.५, डिओरे आणि ट्यूबलेस हे तिन्ही शब्द फक्त त्या स्क्रीनशॉटमध्ये आहेत.