पोस्टाची आरडी, पिको-फॉलच्या गल्ल्यातून

पिको-फॉलच्या धंद्यात पैसा रोज येतो आणि रोजच जातो. शंभराची नोट मशीनच्या ड्रॉवरमध्ये पडते न पडते तोच भाजीवाली हाक मारते. आमच्या सांगलीच्या गावभागात बायकांकडं बचतीचे मार्ग तीन: भिशी, पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची ठेव) आणि पोस्ट. तिन्ही करून झालेत. चालू ठेवलंय ते पोस्ट.

भिशी वाईट नाही, पण व्याज शून्य, आणि नंबर लागला की पैसे थेट मारुती रोडला साडीच्या दुकानात. पिग्मीवाला दारात यायचा, ही मोठी सोय. पण ज्या पतसंस्थेची पिग्मी होती, तिथं गणपतीच्या तोंडावर पैसे मागितले तर मुदतीआधी काढताय म्हणून हातात भरल्यापेक्षाही कमी ठेवले. शिवाय बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, तो पतसंस्थेला लागू नाही. पतसंस्था बुडालेल्या सांगलीत राहून हे विसरायचं म्हणजे कमालच.

2020 च्या शेवटी पोस्टात महिना हजाराची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायची ठेव, काढली. 5 वर्षांची, कमीत कमी 100 रुपयांपासून निघते. तेव्हा दर होता 5.8 टक्के. नंतर तो 6.7 वर गेला, पण आपला दर खातं काढलं त्या दिवसाचाच राहतो. शेजारणीला जास्त आणि मला कमी, हे पाच वर्षं ऐकून घेतलं. मुदत संपली तेव्हा भरलेल्या 60 हजारांचे साडेएकोणसत्तर हजारांवर झाले होते. आता 6.7 नं हजाराच्या हप्त्याला 71 हजार 366 मिळतात. यावर कुणी श्रीमंत होत नाही. आणि आयकरातली 80सी ची सूटही नाही, त्या आशेनं जाऊ नका.

मला यातलं आवडलं ते हे, की पैसे सहज निघत नाहीत. 3 वर्षांच्या आत खातं मोडता येत नाही, नंतर मोडलं तर व्याज साध्या बचत खात्याचं, म्हणजे 4 टक्के. घरात कुणीही "तात्पुरते दे की" म्हणालं तर माझ्याकडं सरकारी उत्तर तयार. अगदीच अडलं तर 12 हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जादा व्याजानं. दिरांना हा नियम अजून सांगितलेला नाही.

हप्ता न्यायला एजंट काकू घरी येतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, आपल्याकडून एक पैसा द्यायचा नाही. कार्डावर सही घ्यायची आणि अधूनमधून पासबुक मागून बघायचं. काकू कितीही ओळखीच्या असल्या तरी. त्याही स्वतःच बजावतात, "पंधराच्या आत दे बाई, मग मला बोल लावू नकोस." हप्ता चुकला तर शंभराला महिना 1 रुपया दंड, म्हणजे हजाराला 10. किरकोळ वाटतो, पण चार हप्ते थकले की खातं बंद पडतं आणि ते चालू करून घ्यायला दोनच महिने मिळतात.

रोजच्या कमाईवाल्यांसाठी आगाऊ हप्त्यांची सोय आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. लग्नसराईत माझ्याकडं साड्यांचा ढीग असतो, पावसाळ्यात मशीन गप्प. सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या हप्त्याला 10 रुपये सूट, बारा भरले तर 40. हजाराच्या हप्त्याला सहाचे 100, पण बाराचे तब्बल 400! म्हणून मे महिन्यात ड्रॉवरमध्ये पैसा दिसला की गणपती पेठेत वर्षाचा मसाला भरायच्या आधी मी हप्ते भरते. मसाला काय, दोन किलो कमी आणला तरी चालतो.

महिन्याच्या पगारावर घर चालणाऱ्यांनी खातं काढायची तारीख बघावी. 15 पर्यंत काढलं तर दर महिन्याचा हप्ता 15 च्या आत, 16 नंतर काढलं तर महिनाअखेरपर्यंत चालतो. आमच्या ह्यांचा कुपवाड एमआयडीसीतला पगार दहाच्या पुढं सरकतो, म्हणून त्यांच्या नावची नवी आरडी मुद्दाम वीस तारखेला काढायला लावली.