शब्दशोधक ॲप, आठ महिन्यांनंतर: अक्षरं मोजा हो!

अक्षरं द्यायची, लांबी सांगायची, तेवढ्या लांबीचे इंग्रजी शब्द समोर येतात. ॲप काय करतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं हे ॲप पहिले पाच महिने मला चुकीचं शिकवत होतं.

स्क्रॅबल खेळताना माझ्या हातात कोणते सात ठोकळे आले होते ते मी वहीत टिपून ठेवते. डाव संपला की तीच अक्षरं ॲपमध्ये टाकायची, लांबी सात ठेवायची आणि आपलं काय हुकलं ते बघायचं. सातही ठोकळे एका खेपेत लावले की ५० गुण जास्तीचे मिळतात, त्यामुळे हुकलेला शब्द मनाला लागतो. एकदा हातात बी, ए, एल, ओ, एन, आर, टी होतं. ॲप म्हणालं, 'बलून'. मी ताईला म्हटलं, बघ, पन्नास गुण गेले माझे. ती म्हणाली, "लावून दाखव."

मी ठोकळे मांडायला घेतले. बी, ए, एल... आणि हात तिथेच थांबला. 'बलून'मध्ये एल दोन आहेत, ओ दोन आहेत. माझ्याकडे दोन्ही एकेकच. आर आणि टी तर तसेच पडून राहिले होते.

त्या रात्री जुनी वही काढून बसले. हुकलेले म्हणून लिहिलेले ४१ शब्द होते, त्यातले १७ त्या अक्षरांतून होतच नव्हते. पाच महिने मी न झालेल्या चुकांची हळहळ करत होते, याचा मला मनापासून राग आला.

तक्रार केली. पहिलं उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं, फरक शून्य. दुसरं उत्तर शब्दाला शब्द तेच. तिसऱ्यांदा ठोकळ्यांचा फोटो काढून पाठवला, तेव्हा कुठे कोणीतरी नीट वाचलं. त्यांचं म्हणणं असं की ही शोधपद्धत 'स्पेलिंग बी' या शब्दकोड्यासारख्या खेळांसाठी आहे. तिथे सात अक्षरं मिळतात, मधलं अक्षर शब्दात हवंच, शब्द किमान चार अक्षरांचा हवा, आणि कुठलंही अक्षर कितीही वेळा वापरलं तरी चालतं. हातातले ठोकळे मोजून शोधायचं असेल तर सेटिंगच्या तिसऱ्या पानावर वेगळं बटण आहे.

म्हणजे सोय होती. मी ॲपला सरसकट नावं ठेवली होती, तेवढी मागे घेते. पण पहिल्याच पानावर 'अक्षरं पुन्हा वापरता येतील' एवढी एक ओळ लिहायला काय हरकत होती?

बटण सापडल्यावर मी कडक परीक्षा घेतली. 'पिझॅझ' शब्दात चार झेड लागतात. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० ठोकळ्यांत झेड एकच आणि कुठलंही अक्षर मानता येतं असे कोरे ठोकळे दोन, म्हणजे फार तर तीन झेड होतील. हा शब्द पटावर लागूच शकत नाही. सगळं भरून पाहिलं, ॲपने तो दाखवला नाही. 'पिझ्झा' मात्र एक कोरा ठोकळा दिल्यावर बरोबर दाखवला. इथे पूर्ण गुण.

आणि ज्या पद्धतीवर मी चिडले होते तिनेच नंतर मला सुखावलं. सहज एम, ओ, एन, जी, एस, ई ही सहा अक्षरं टाकली, लांबी आठ ठेवली, तर 'माँगूस' आला. आपला मुंगूस! इंग्रजीने हा शब्द मराठीवरून घेतला हे ठाऊक होतं, पण त्यात ओ तीन वेळा येतो हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मोजणाऱ्या पद्धतीत या सहा अक्षरांतून तो कधीच सापडला नसता. ताईला लगेच फोन करून सांगितलं.

शब्दकोड्यासाठी रिकाम्या जागा देऊन शोधण्याची सोय मला सगळ्यात जास्त आवडते. पाच अक्षरं, दुसरं ओ, शेवटचं ई एवढं दिलं की हाउस, हॉर्स, माउस, गूस, व्हॉइस, मूव्ही असे शब्द एका रांगेत येतात. आपण शब्द कानाने शोधतो, आणि कानाला 'हाउस' आणि 'मूव्ही' यांत काहीही सारखं सापडत नाही. स्पेलिंगचा सांगाडा डोळ्यांनी बघायची सवय मला या यादीने लावली. क्यूनंतर यू नसलेले शब्दही मी असेच जमवले. बुरखा, फकीर, नकाब हे सगळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये क्यू घेऊन बसलेत.

खेळात कोणते शब्द चालतात ते ठरवणारे शब्दसंग्रह दोन आहेत, उत्तर अमेरिकेचा आणि कॉलिन्स या शब्दकोशाचा. आपण कुठला मानतो ते ठरवून तोच निवडा, नाहीतर डावात भांडणं होतात. जाहिराती नाहीत, ॲप नेटशिवाय चालतं, बॅटरी खात नाही.

पण मोजणीचं बटण ॲप बंद केलं की आपोआप बंद होतं. दर वेळी उघडा, सेटिंगमध्ये जा, तिसरं पान गाठा, चालू करा. पैसे भरलेल्या माणसाची एक निवड लक्षात ठेवता येत नाही? परवा घाईत विसरले आणि वहीत पुन्हा एक खोटा शब्द गेला. तो खोडताना ताई समोरच बसली होती.

वर्गणी संपायला चार महिने आहेत. तोवर हे बटण चालूच राहायला लागलं तर पुढच्या वर्षाचे पैसे भरेन. आज पाचपैकी तीन तारे, त्यातला एक मुंगसाचा.