गच्चीवर माती टाकावी की छत्री उभारावी?

जळगावात घर बांधताना बाकी सगळं ठरतं, गाडी अडते ती गच्चीवर. मे महिन्यात रात्री अकरालाही स्लॅब खालून तापलेलाच असतो. वास्तुकार ल कॉर्बुझिएनं १९५०च्या दशकात अहमदाबादेत जी दोन घरं बांधली, त्यांत या उन्हाला दोन वेगळी उत्तरं आहेत. मी दोन्ही आपल्या गच्चीवर करून पाहिली.

साराभाईंच्या घरावर बुटक्या कमानी, त्यांवर माती आणि हिरवळ. तिथून एक घसरगुंडी थेट खालच्या हौदात उतरते. शोधनांच्या घरावर छताच्या वर छत्रीसारखं आणखी एक छत, मध्ये वाऱ्याला मोकळी वाट, आणि वरच्या छताला आभाळ दिसेल असं भोक. काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे रेघोटे तसेच ठेवलेत. ते मला फार आवडतात.

मन आधी मातीकडे गेलं. चोपड्याला आजोबांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं. पावसाळ्याआधी ते खारी माती टाकायचे आणि धाब्यावर उगवलेलं एकेक रोप मुळासकट उपटायचे. मुळानं वाट केली की पाणी खाली आलंच म्हणून समजा. हे माहीत असूनही मी अर्ध्या गच्चीवर माती टाकून लॉन लावलं. खोली गार झाली, यात शंका नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात कपाटावर ओल आली. गळतीपेक्षा जास्त छळलं ते ती कुठून होते हे न सापडण्यानं. पाणी शिरतं एका कोपऱ्यात, ठिपकतं भलत्याच ठिकाणी, आणि वर सगळी माती. शेवटी घमेल्यांनी ती सगळी खाली उतरवली. मिस्त्रीला भेग सापडली ती जिन्याजवळ, कपाटापासून पार दुसऱ्या टोकाला.

आता आठ फुटांवर पांढरे पत्रे आहेत, चारही बाजू उघड्या. पत्रा गळलाच तर थेंब कुठून पडतो ते दिसतं, खाली स्लॅब आहेच. पाऊस वाजतो, हे खरं. केळी आडव्या करणारं जूनचं वादळ आलं की बोल्टांचीही काळजी वाटते. खोली मातीइतकी गार होते असं छातीठोक सांगणार नाही. पण खाटा टाकून रात्री वर झोपता येतं.

तुमच्याकडे पाणी मुबलक असेल आणि वॉटरप्रूफिंग करणारा खात्रीचा असेल, तर मातीला मी नाही म्हणणार नाही. छत्री केलीत तर मात्र ते भोक विसरू नका. मी तुळशीच्या वर पत्र्यात एक चौकोन मोकळा सोडला आहे.